डाव्या हाताची सही

व्यवसायोपचाराच्या विद्यार्थ्यांना चार गोष्टी सांगा, म्हणून मला अधूनमधून बोलावणं येतं. मी जाते. अट एकच घालते, सत्कार करायचा नाही. संयोजकांना हा विनय वाटतो. ते हसून अट मान्य करतात, आणि तरी मंचामागे कुठेतरी शाल घडी करून ठेवलेली असतेच. पुण्यात सत्कार करून न घेता व्यासपीठावरून खाली उतरणं अवघड आहे. माझ्या विरोधाचा विनयाशी काही संबंध नाही. एका सत्कारानं एका माणसाचं काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे, आणि सत्कार करणारे आम्ही व्यवसायोपचारवालेच होतो. नव्या मुलांना सांगण्यासारखं माझ्याकडे जे थोडंफार आहे, ते बहुतेक त्या प्रकरणातूनच आलेलं आहे.

तेव्हा शहरात जिकडेतिकडे कॉम्प्युटरचे क्लास निघत होते. नारायण पेठेत आमच्या घराजवळ टायपिंगचा क्लास होता, तो एका उन्हाळ्यात कॉम्प्युटरचा झाला. बाई त्याच, पाटी नवी. माझ्या भाच्यानं वर्षभरात तीन भाषा शिकल्याचं जाहीर केलं होतं, पण त्यातली एकही माणसाशी बोलण्याच्या उपयोगाची नव्हती. सगळ्यांना कुठेतरी पोचायची घाई होती. आमचा विभाग मात्र होता तिथेच होता, रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याशेजारी. निम्मे लोक आमच्याकडे फिजिओथेरपीचा रस्ता चुकून यायचे. उरलेल्यांना वाटायचं, इथे काहीतरी व्यवसाय लावून देतात. एका बाईंनी पापडाच्या यंत्राची चौकशी केली होती. त्यांना मी सांगितलं ते असं, की आजारानं माणसाचं रोजचं जे करणं सुटतं, म्हणजे जेवणं, बटण लावणं, केस विंचरणं, ते त्याला पुन्हा करता यावं म्हणून आम्ही वाट शोधतो. "एवढंच?" असं म्हणून त्या निघून गेल्या.

ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते गृहस्थ येरवड्याहून यायचे. सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, काठी घेऊन चालायचे. वाचाही परत आली, फक्त सावकाश आणि मोजकी. उजवा हात काही आला नाही. आमच्याकडे वडीलधाऱ्या पेशंटला काका म्हणायचं वळण होतं, तसं मी पहिल्या दिवशी म्हटलं.

"काका नको," ते म्हणाले. "कचेरीत कोणी काका म्हटलं, की पुढे नियमात न बसणारं काम यायचं."

तेव्हापासून मी त्यांना साहेब म्हणू लागले.

आमच्या विषयात पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्हाला काय करता यायला हवं आहे? बहुतेक जण म्हणतात, हात पूर्वीसारखा करून द्या. साहेबांनी एका शब्दात उत्तर दिलं. "सही."

का, ते पुढच्या काही भेटींत तुकड्यातुकड्यानं कळलं. त्यांचे वडील छावणीत हमाली करायचे. पगाराच्या दिवशी अंगठा द्यावा लागे, आणि वडील तो डावा अंगठा मुठीत दाबून घरी येत. मुलांना शाई दिसू नये म्हणून. पुढे घर बौद्ध झालं तेव्हा साहेब शाळेत होते. त्या सुमारास वडिलांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, आपल्या घरात यापुढे अंगठा नको. साहेबांची सही म्हणजे त्यांचं पूर्ण नाव होतं, सुटं सुटं अक्षर, वर सरळ रेघ. कचेरीतले लोक हसायचे, साहेबाची सही कशी कोंबडीनं पाय ओढल्यासारखी पाहिजे म्हणायचे.

"माझी वाचता यायची," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, पण अशा आवाजात म्हणाले की मी कुठलाही उपदेश केला नाही. मी तेव्हा उपदेश बराच करत असे.

सहीची निकड निवृत्तिवेतनाच्या खात्यामुळे होती. त्यांच्या बँकेत कॉम्प्युटर आले होते आणि सगळ्या खातेदारांनी नव्यानं नमुना सही द्यायची होती. एका कार्डावर तीन सह्या, तिन्ही सारख्या. त्या एकदा यंत्रात गेल्या की कायमच्या. तिथल्या अधिकाऱ्यानं साहेबांचा हात पाहिला आणि भलेपणानं सुचवलं, "अंगठा द्या की, दोन मिनिटांचं काम आहे." साहेब म्हणाले, नंतर येतो. दिवाळी होईपर्यंत मुदत होती.

जुन्या सहीशी जुळवायचं नव्हतं, ही जमेची बाजू. डाव्या हाताची नवी सही चालणार होती, फक्त ती तीनदा एकसारखी यायला हवी होती. आम्ही कामाला लागलो. पेनाला रबराची नळी चढवली, म्हणजे पकड जाड होते. कागद तिरका ठेवला. कागद सरकू नये म्हणून निकामी उजवा हात उचलून त्यावर वजनासारखा ठेवायचा, हेही शिकवलं.

साहेब त्या हाताकडे पाहत म्हणाले, "याची बदली झाली म्हणायची. डाव्याकडे चार्ज."

"कसा आहे नवा माणूस?"

"कुरकुर करतो. म्हणतो, माझ्या कामात हे बसत नाही."

त्यांच्या पत्नी शेजारी बसून हे ऐकायच्या आणि म्हणायच्या, "घरी एवढं बोलत नाहीत हो." त्यांनी घरी एक वही केली होती आणि साहेब रोज सकाळी त्यात लिहीत. पहिले काही आठवडे पानावर गुंडाळ्या आणि काटक्या दिसायच्या. मग अक्षरं ओळखू येऊ लागली. गणपती गेले तेव्हा पहिल्या दोन सह्या सारख्या येत आणि तिसरीत शेवटचं अक्षर खाली घसरायचं. थोड्या दिवसांचंच काम उरलं होतं. माझ्या नोकरीत 'थोड्या दिवसांचंच काम उरलं आहे' असं खात्रीनं म्हणता येण्याचे प्रसंग फार आले नाहीत.

त्याच वेळी आमच्या विभागाला दोन कॉम्प्युटर देणगीत मिळाले. देणारे एका सॉफ्टवेअर कंपनीचे मालक होते. देणगी घ्यायची म्हणजे समारंभ हवा, समारंभ म्हणजे प्रमुख पाहुणे हवेत, आणि नुसते पाहुणे बरे दिसत नाहीत म्हणून एखादा पेशंट हवा. आमच्या विभागप्रमुख बाईंना साहेबांची सही सुचली. ते मंचावर येतील, पाहुणे त्यांचा सत्कार करतील, मग ते सगळ्यांसमोर डाव्या हातानं सही करतील. जिद्दीचं मूर्तिमंत उदाहरण.

तयारीची बैठक मला अजून आठवते. पुष्पगुच्छ द्यायचा की शाल-श्रीफळ, यावर खूप वेळ चर्चा झाली. फुलं संध्याकाळपर्यंत सुकतात, नारळ निदान आमटीत जातो, असा अस्सल पुणेरी निकाल लागला. टेबलावर कापड कोणतं, समई कोणाच्या घरची, पाहुण्यांना चहा आधी की नंतर, सगळं ठरलं. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाचं शिक्षण माणसाच्या हातांवर झालं होतं. मागच्या कपाटात एका हातानं भाजी चिरायची खिळ्यांची पाटी होती, एका हातानं बरणी उघडायची युक्ती होती. नारळ घ्यायला हात किती लागतात, हे त्या खोलीत कोणाच्याही मनात आलं नाही.

निरोप मीच साहेबांना दिला.

"याची गरज आहे का मॅडम?"

"बाईंची फार इच्छा आहे."

"असं." मग म्हणाले, "वरून आलं की खाली विचारायचं नसतं. येतो."

ते आले ते कडक इस्त्रीच्या सफारीत. सगळी बटणं त्यांनी स्वतः लावली होती, हे पत्नीनं मला कानात सांगितलं. सभागृह भरलं होतं. फिजिओथेरपीवालेही आले होते, चहा आमच्याकडे होता म्हणून. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं साहेबांची ओळख 'नियतीच्या क्रूर आघातानं ज्यांचा हात हिरावून नेला' अशी सुरू केली आणि बराच वेळ ती आघातावरच राहिली. कचेरीतल्या त्यांच्या इतक्या वर्षांना एक वाक्य मिळालं. मग पाहुणे, म्हणजे ते देणगीदार मालकच, बोलले. माणूस वाईट नव्हता. एवढंच, की तो भविष्यात राहायचा. "येणाऱ्या काळात सही ही गोष्टच उरणार नाही," ते म्हणाले, "एक बटण दाबलं की झालं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब सरळ समोर पाहत होते.

शाल नीट झाली. शाल पांघरायला घेणाऱ्याचे हात लागत नाहीत. मग पाहुण्यांनी दोन्ही हातांत नारळ धरून पुढे केला. साहेबांनी डावा हात पुढे केला.

पाहुणे थबकले. डाव्या हातात श्रीफळ कसं द्यायचं? त्यांना हाताचं माहीत नव्हतं असं नाही, इतका वेळ तेच तर ऐकलं होतं. पण लहानपणापासून अंगात मुरलेली सवय अशा वेळी आधी पुढे येते. ते हलकेच, शेजारच्या घरातल्या मुलाला प्रसाद देताना म्हणावं तसं म्हणाले, "उजवा, उजवा."

साहेबांनी डाव्या हातानं उजवं मनगट उचललं, पुढे आणलं, आणि दोन्ही हातांची ओंजळ केली. अर्धी ओंजळ जिवंत होती. पाहुण्यांनी नारळ ठेवला आणि तो उजव्या बाजूनं निसटला. मंचावर आपटला, गडगडत सहीसाठी उभ्या केलेल्या फलकाच्या पायापाशी गेला. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग ते हसू झाकायला आणखी कोणी टाळ्या वाजवल्या, आणि इतरांना वाटलं टाळ्यांची वेळ झाली. भर सभागृहानं पडलेल्या नारळासाठी टाळ्या वाजवल्या.

साहेबांचा उजवा कोपर तोवर दुमडून छातीशी आला होता, मूठ आवळली होती. अशा रुग्णाला ताण आला की हात असा आखडतो, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो. प्रश्नपत्रिकेत विचारतो.

"आणि आता तो क्षण," सूत्रसंचालिका म्हणाली.

फलकावर मोठा पांढरा कागद लावला होता, सगळ्यांना दिसावा म्हणून उभा. साहेबांच्या हातात जाड मार्कर दिला. ते उभे राहिले आणि त्या कागदाकडे बघत राहिले. सराव त्यांनी बसून केला होता, टेबलावर, तिरक्या कागदावर, उजवा हात वजनाला ठेवून. उभ्यानं, खांद्याच्या उंचीवर, जाड मार्करनं लिहिणं हे वेगळंच काम आहे, आणि तेही आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो. खाली बसलेल्या आमच्यापैकी निम्म्यांना ते त्याच वेळी उमगलं असावं, कारण आमच्या रांगेत एकदम शांतता झाली.

साहेबांनी मार्कर टेबलावर ठेवला. ध्वनिक्षेपक दूर होता, तरी त्यांचे शब्द मला ऐकू आले.

"माफ करा. मला बसून येतं."

"किती ही नम्रता!" सूत्रसंचालिका म्हणाली.

मंचावर टेबल होतं. त्यावर पाण्याच्या बाटल्या, समई आणि देणगीदाराच्या नावाची पाटी होती. ते बाजूला करून एक खुर्ची पुढे ओढली असती तरी सगळं सावरलं असतं. मी उठून मंचाच्या पायरीपर्यंत पोचले तेव्हा आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. आभार लांबले. चहाच्या गर्दीत मी त्यांना शोधलं, तेव्हा ते दोघं निघून गेलेले होते.

पुढच्या भेटीला ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. दिवाळी जवळ येत होती. एका रविवारी मी येरवड्याला त्यांच्या घरी गेले. बैठी चाळ, दारात तुळशीऐवजी गुलाबाच्या दोन कुंड्या, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली कचेरीतल्या निरोपसमारंभाचा फोटो. पत्नीनं "या मॅडम, बसा" म्हणून चहा टाकला. साहेब खुर्चीत होते. माझ्या येण्याचं त्यांना आश्चर्य वाटलं नसावं.

"सहीचं राहिलंय," मी म्हणाले. "अजून वेळ आहे."

"बँकेत जाऊन आलो."

"सही दिलीत?"

त्यांनी डावा अंगठा वर करून दाखवला. आता तो स्वच्छ होता. "दुसऱ्याच दिवशी गेलो. अधिकारी चांगला आहे. पुसायला कापूस दिला."

"अहो, पण मुदत होती की."

"होती."

"मग घाई का केलीत?"

ते थोडा वेळ शब्द जुळवत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या बँकेचा काउंटर पाहिलाय?"

मी पाहिला नव्हता.

"एवढा उंच आहे." त्यांनी छातीशी हात नेला. "उभं राहून सही करावी लागते. मागे रांग असते. त्या दिवशी फलकापुढे उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं, तिथंही हेच होणार."

"तुम्ही सांगितलं असतंत तर त्यांनी आत बसवलं असतं."

"बसवलं असतं," ते म्हणाले. "पण परत सगळ्यांसमोर म्हणायचं, मला बसून येतं?"

पत्नी चहा घेऊन आल्या आणि आम्ही दोघंही चहा चांगला झाला आहे असं म्हणालो. मग त्याच म्हणाल्या, "वही काढतच नाहीत आता. म्हणतात, आता लागते कुठे सही?" साहेबांनी त्यांना थांबवलं नाही.

हे मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा वहीत काय लिहून घ्यायचं ते त्यांना कळत नाही. म्हणून थोडं स्पष्ट करून सांगते. पेशंट जिथे जाऊन ते काम करणार आहे, ती जागा आधी स्वतः पाहून या. तिथली उंची पाहा, पाठीमागे कोण उभं असतं ते पाहा. आपल्या खोलीत जमलं म्हणजे जमलं, असं समजू नका. आपली खोली ही फार दयाळू जागा असते. आणि पेशंटला यशस्वी म्हणून कोणासमोर उभं करायचं असेल, तर त्याचं यश आधी त्याच्या हातात पडू द्या. ते तुमच्या अहवालात भरण्यासाठी नसतं. एकदा एका हुशार मुलीनं हात वर करून विचारलं, "मॅडम, घरभेटीला गुण असतात का?" मी म्हटलं, नसतात. तिनं पेनाचं टोपण लावलं. तिला दोष देत नाही. मलाही कोणी गुण देत नव्हतं, आणि मीही बँकेत गेले नव्हते.

मी गेले ते त्या रविवारनंतर. शनिवार पेठेतल्या एका कामासाठी सुट्टी घेतली होती, ते काम टाकून येरवड्याला गेले. काउंटर खरोखरच उंच होता. मी उभी राहून चौकशी करू लागले तशी त्या अधिकाऱ्यानं मान वर केली. "अहो, उभ्या का? आत या ना." त्यानं बाजूचं फळकूट उचललं, टेबलाशेजारची खुर्ची पुढे केली. पेन्शनवाले रोज तिथेच बसतात म्हणाला. अंगठ्याच्या जागी सही करायची असेल तर काही अडचण नाही, नवं कार्ड भरू, साहेबांना सावकाश येऊ द्या, गर्दी नसेल अशा वेळी मी स्वतः बघतो. इतका साधा प्रश्न होता आणि इतकं साधं उत्तर. मी तिथे खुर्चीत बसून टेबलावर हात ठेवून पाहिला. कागद तिरका ठेवायला पुष्कळ जागा होती.

तिथूनच मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. खुर्चीचं, टेबलाचं, त्या अधिकाऱ्याचं. मी बरोबर येते म्हटलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. माझे आभार मानले, आणि ते मनापासून होते.

मग म्हणाले, "बघू."

सगळं आयुष्य त्यांनी सरकारी कचेरीत काढलं होतं. तिथे 'बघू' कशाला म्हणतात, ते त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. पेन्शन त्यांना वेळेवर मिळत राहिलं. विभागातली त्यांची वेळ मी बरेच दिवस रिकामी ठेवली. मग बाईंनी विचारलं, ही वेळ कोणाची, आणि मी ती दुसऱ्या पेशंटला दिली.